ताकदीचा हप्ता

कुणी भाकरी थापता थापता ऐकत असेल, कुणी गोठ्यात रेडिओ टांगून ऐकत असेल. हात चालू राहू द्या, कान तेवढा इकडं द्या.

आम्ही एका बचत गटाच्या १४ जणी. बोलायला एकीला बसवलंय, पण बोलणं सगळ्यांचं आहे. आज पैशाच्या बचतीबद्दल बोलणार नाही. ताकदीच्या व्यायामाबद्दल बोलणार आहोत. म्हणजे वजन उचलायचं, उठाबशा काढायच्या, भिंतीला जोर मारायचे. हसू आलं ना? आम्हालाही आलं होतं.

सुरुवात कुठून झाली ते आधी सांगतो. आमच्या गटात एक आत्या आहेत, वय ६३. मासिक बैठकीला त्या सतरंजीवर बसायच्या आणि उठताना म्हणायच्या, "आगं, हात द्या गं कुणीतरी." कुणी हात द्यायचं, कुणी चेष्टा करायचं. असं वर्षभर चाललं. मग एका पावसाळ्यात आत्या न्हाणीत घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. तीन महिने अंथरुणात. गटातून कर्ज दिलं, सूनबाईची मजुरी बुडाली, दोन म्हशींतली एक विकावी लागली. डॉक्टर म्हणाले, हाडं विरळ झालीत आणि पायांत तोल सावरण्याइतकी ताकद उरलेली नाही.

ते ऐकून आम्ही गप्प झालो. वर्षभर बाई आमच्यासमोर सांगत होती की मला उठता येत नाही, आणि आम्ही हसत होतो. त्या दिवशी घरी जाऊन प्रत्येकीनं गुपचूप जमिनीवर बसून उठून पाहिलं. १४ जणींत ६ जणींना हात टेकल्याशिवाय उठता आलं नाही. त्यातली एक तर ३८ वर्षांची.

मग आम्ही उत्साहात एक चूक केली. मोबाइलवर व्हिडिओ लावला आणि समाजमंदिरात पहिल्याच दिवशी ५० उठाबशा काढल्या. दुसऱ्या दिवशी निम्म्या जणींना संडासला बसता येईना. तिसऱ्या दिवशी एकीनं जोशात वीस किलोची गोणी कमरेतून वाकून उचलली आणि तिच्या पाठीत चमक भरली. आठ दिवस ती पडून होती. तिच्या सासूबाईंनी दारात उभं राहून आम्हाला जे सुनावलं ते रेडिओवर सांगण्यासारखं नाही. पंधरा दिवसांत आमचा व्यायाम बंद पडला.

तेव्हा कळलं की यातही शिकवणारं माणूस लागतं. शिवण शिकायला आपण बाई शोधतो, मग शरीर काय फुकटचं आहे? शेजारच्या गावात एक सून आहे. माहेरी कबड्डी खेळायची, बी.पी.एड. झालेली, तालुक्याच्या जिममध्ये बायकांना शिकवते. आम्ही त्यांना मॅडम म्हणतो, वयानं लहान असल्या तरी. आमच्याकडं यायला त्या तयार झाल्या. प्रत्येकीनं महिना ७० रुपये काढायचे ठरलं. गटाच्या निधीला हात लावला नाही. वार ठरले सोमवार आणि गुरुवार. वेळ दुपारी साडेतीन ते सव्वाचार, म्हणजे धारा काढायच्या आणि चूल पेटवायच्या आधी.

मॅडमनी पहिल्या दिवशी व्यायाम घेतलाच नाही. वही काढली आणि एकेकीला बाजूला घेऊन विचारलं. बीपी आहे का? साखर आहे का? कुठलं ऑपरेशन झालंय का, पिशवी काढलीय का? दिवस गेलेत का, बाळंत होऊन किती महिने झाले? खोकलताना लघवी होते का, अंग बाहेर येतं का? मैत्रिणींनो, या शेवटच्या प्रश्नाला आमच्यातल्या तिघींनी पहिल्यांदा तोंड उघडलं. एकीनं तर ११ वर्षं नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. मॅडमनी त्या तिघींना आधी डॉक्टरकडं पाठवलं. बाकीच्यांना सांगितलं, उपकेंद्रात जाऊन बीपी आणि रक्त तपासून या. आपल्या राज्यात निम्म्याहून अधिक बायकांना रक्त कमी आहे. रक्त कमी असेल तर दम लागतो, चक्कर येते, मग दोष व्यायामाला लागतो.

आमच्यातली एक फटकन म्हणाली, "मॅडम, आम्ही दिवसभर राबतो. भारा उचलतो, पाणी ओढतो. आम्हाला कसला आलाय व्यायाम?" हे तुमच्याही मनात आलं असेल. मॅडम म्हणाल्या, "कळशी कुठल्या कमरेवर घेता?" सगळ्या म्हणाल्या, डाव्या. "रोज डावीच ना? आणि खुरपताना वाकता ते कमरेतून, तासन् तास. कामात भार किती ते काम ठरवतं. थांबायचं कधी ते मुकादम ठरवतो. दुखणाऱ्या अंगावरच पुन्हा ओझं पडतं आणि काही स्नायूंना कधी काम मिळतच नाही. व्यायामात भार तुम्ही ठरवता, दोन्ही बाजू सारख्या वापरता आणि मध्ये विसावा देता. त्यानं अंग कमावतं. कामानं अंग झिजतं." मेहनत आणि व्यायाम यांतला फरक आम्हाला त्या दिवशी कळला.

आता थोडी माहिती. तिशी-चाळिशीनंतर आपले स्नायू हळूहळू कमी व्हायला लागतात. पाळी गेल्यावर हाडं झपाट्यानं विरळ होतात. ताकदीच्या व्यायामानं ही घट मंदावते. स्नायू तर साठीनंतरही कमावता येतात. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली सांगितलंय की मोठ्या माणसांनी आठवड्यातून निदान २ दिवस सगळ्या मोठ्या स्नायूंचा ताकदीचा व्यायाम करावा. ६५ वर्षांपुढच्यांनी तोल आणि ताकदीचा व्यायाम ३ दिवस करावा. चालणं चांगलंच, पण नुसतं चालून हे भागत नाही.

आम्ही काय करतो ते सांगतो. पाच प्रकार आहेत.

पहिला, खुर्चीवरून उठबस. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवायची, म्हणजे सरकत नाही. हात छातीवर, उठायचं आणि सावकाश बसायचं. धप्पकन बसायचं नाही. दुसरा, भिंतीवरचे जोर. भिंतीपासून हातभर लांब उभं राहून तळहात भिंतीला टेकायचे, कोपरात वाकायचं आणि ढकलायचं. तिसरा, पाठीवर झोपून गुडघे वाकवायचे आणि कंबर वर उचलायची. चौथा, स्वयंपाकाचा ओटा धरून टाचा उचलायच्या. पाचवा, जमिनीवरून वजन उचलायचं. पाठ सरळ, ढुंगण मागे, गुडघे वाकलेले, वजन अंगाजवळ. आमची वजनं म्हणजे पाण्याच्या बाटल्या. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. पुढं वाळूच्या पिशव्या केल्या, जुन्या साडीच्या कापडाच्या, वजन काट्यावर करून.

प्रत्येक प्रकार सुरुवातीला ८ ते १० वेळा. मग थोडा दम खाऊन पुन्हा एकदा तेवढाच. शेवटचे दोन जड जायला हवेत, पण अंग वेडंवाकडं व्हायला नको. १२ वेळा सहज जमायला लागलं की मगच वजन वाढवायचं, तेही थोडंच. उचलताना श्वास सोडायचा. श्वास कोंडून धरायचा नाही, बीपीवाल्यांनी तर मुळीच नाही. मध्ये निदान एक दिवस विसावा. एक-दोन दिवस अंग आंबलं तर घाबरू नका. पण सांध्यात कळ आली, सूज आली, छातीत दुखलं, डोळ्यांपुढं अंधारी आली, तर तिथंच थांबायचं आणि डॉक्टरला दाखवायचं.

कपड्यांचा प्रश्न आलाच. दोघींनी सलवार घातली, बाकीच्या साडी वर खोचून आत लेकीची पँट घालायला लागल्या. दार लावलं की कोण बघतंय?

लोकांनी बोलायचं ते बोलले. "बायका पैलवान होणार" म्हणाले. एकीचा नवरा म्हणाला, दंड पुरुषासारखे होतील. मॅडमनी सांगितलं, बाईच्या अंगात तसं होत नाही, चार बाटल्या उचलून तर नाहीच. आणि २००० साली सिडनी ऑलिंपिकमध्ये भारताच्या बाईनं पहिलं पदक आणलं, ते कर्णम मल्लेश्वरी यांनी वजन उचलूनच आणलं. हे आम्ही घरोघर सांगितलं. काही गप्प बसले, काही बसले नाहीत.

खाण्याबद्दलही मॅडम विचारायच्या. व्यायाम करून आमटीचं पाणी आणि भाकरी खाल्ली तर स्नायू कशाचे होणार? रोज वजनाच्या प्रत्येक किलोमागे साधारण पाऊण ते एक ग्रॅम प्रथिनं लागतात. म्हणजे ५० किलोच्या बाईला ४० ते ५० ग्रॅम. एका अंड्यात ६ ग्रॅम, मूठभर शेंगदाण्यांत ७-८ ग्रॅम, वाटीभर घट्ट डाळीत त्याच्या आसपास. पावडर विकत घ्यायची गरज नाही. डेअरीला दूध घालताना एक कप घरातल्या बाईसाठी ठेवला तरी पुष्कळ. हे सांगणं सोपं, ठेवणं अवघड, हे आम्हालाही ठाऊक आहे.

आता खरं अवघड काम म्हणजे टिकवणं. पहिले दोन महिने झकास गेले. मग ज्वारीची काढणी आली. १३ वरून आम्ही चौघींवर आलो. आम्हाला वाटलं, संपलं. मॅडमना तसं सांगितलं तर त्यांनी आम्हालाच विचारलं, "गटात एखादीचा हप्ता चुकला तर तुम्ही तिचं नाव काढता का?" नाही काढत. घरी जाऊन विचारतो, अडचण समजून घेतो, पुढच्या महिन्यात भरून घेतो. मग इथंही तसंच ठरलं. सुगीत आठवड्यातून दोनदा घरीच १० मिनिटं. उठबस, भिंतीचे जोर, टाचा, बास. जी दोन वेळा आली नाही तिच्या घरी शेजारणीनं जायचं, रागवायला नाही, विचारायला. हजेरीची वही घातली, अगदी बचतीच्या वहीसारखी. कुणी किती किलो, किती वेळा, सगळं लिहायचं. वहीत आकडा वाढलेला दिसला की पुढच्या वारी पाय आपोआप समाजमंदिराकडं वळतात.

सहा महिन्यांनी मॅडमना रोजचं बोलावणं बंद केलं. आता दोघी शिकल्यात, त्या घेतात. मॅडम पंधरवड्यातून एकदा येतात, चूक दुरुस्त करतात, वजन कुणाचं वाढवायचं ते सांगतात. पैसेही कमी लागतात.

तुम्ही ट्रेनर शोधाल तर एवढं बघा. आधी प्रकृती विचारते का? थोडक्यापासून सुरू करते का? तुमच्याकडं बघते की मोबाइलकडं? अंगाला हात लावायच्या आधी विचारते का? महिन्यात दहा किलो उतरवते म्हणाली, किंवा डबे विकायला लागली, तर नमस्कार करा.

दीड वर्ष झालं. खोटं सांगणार नाही. बहुतेकींचं वजन उतरलेलं नाही. एकीचे गुडघे अजून दुखतात. दोघींनी सोडून दिलं, एकीनं सासरच्या बोलण्यामुळं, एकीनं कंटाळून. पण त्या सहाजणींतल्या पाचजणी आता हात न टेकता जमिनीवरून उठतात. जिच्या पाठीत चमक भरली होती ती आता भरलेला सिलिंडर नीट गुडघ्यांत वाकून उचलते. आणि डॉक्टरकडं गेलेल्या तिघींवर उपचार झाले, हे आम्हाला सगळ्यात मोठं वाटतं.

जाता जाता एक काम देतो. आज जेवणाआधी खुर्ची भिंतीला टेकवा. हात छातीवर घेऊन ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उठता येतं ते मोजा. लेकराला घड्याळ धरायला सांगा. पडायची भीती असेल तर शेजारी कुणाला उभं करा. साठी ओलांडलेल्या, ६४ वर्षांपर्यंतच्या बाईला १२ वेळा जमायला हवं. कमी भरले तर समजा, सुरुवात करायची वेळ झाली. आकडा लिहून ठेवा आणि तीन महिन्यांनी पुन्हा मोजा.

आमच्या आत्या आता काठी घेऊन समाजमंदिरात येतात. डॉक्टरांना विचारून खुर्चीवरचे व्यायाम करतात. मागच्या गुरुवारी त्यांनी ३० सेकंदांत ५ वेळा उठून दाखवलं. मोजत आम्ही सगळ्या होतो. हसलं कुणीच नाही.