मशेरीला रकाना नाही



या परिषदेचं अध्यक्षपद दिलंत, आभारी आहे. पेणकरांनी रोहेकराला मान द्यावा हे वारंवार घडत नाही. वर्षभराच्या कामाचा अहवाल सचिवांनी छापून वाटला आहे, तो वाचून दाखवत नाही. मला एकच गोष्ट बोलायची आहे आणि ती मी फार वर्षं मनात ठेवली आहे.

केसपेपरवर 'धूम्रपान' असा रकाना असतो. डॉक्टरकीचा विद्यार्थी विचारतो, "विडी-सिगारेट ओढता का?" बाई म्हणते, "नाय वो!" रकान्यात 'नाही' पडतं. बाई खोटं बोललेली नसते, तिने सकाळी फक्त मशेरी, म्हणजे भाजलेली तंबाखू, दातांना लावलेली असते. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात धूर ओढणारे प्रौढ ३.८ टक्के निघाले आणि धूर न काढता तंबाखू घेणारे २४.४ टक्के. आणि वर्गात आपण घोकून घेतो काय, तर धूम्रपानाचा हिशेब : दिवसाच्या विड्या गुणिले वर्षं!

मीही तसाच शिकलो. रोह्यात दवाखाना टाकला तेव्हा आसपासच्या वाडीवरची एक गरोदर बाई यायची. 'व्यसन : नाही' हे माझ्याच अक्षरात होतं. मूल १ किलो ९०० ग्रॅमचं झालं. बाळाला बघायला घरी गेलो तर चुलीवर तवा, तव्यावर तंबाखू काळी होत आलेली आणि घरभर ठसका. "अगं, हे काय?" "मशेरी. हिच्याबिगर पोट साफ होत नाय." मी विचारलंच नव्हतं, ती सांगणार कशाला? मशेरीनेच वजन घटलं असं मी छातीठोक म्हणणार नाही. रक्त कमी होतं, खाणंही बेताचं होतं. पण मुंबईतल्या १२१७ गरोदर बायकांचा अभ्यास २००४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. धूर न काढता तंबाखू घेणाऱ्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमने हलकी होती. तो वाचला तेव्हा मला तो तवा आठवला.

सकाळच्या परिसंवादात वाद रंगला, की तंबाखू सोडवायला रुग्णाला घाबरवावं की समजवावं. तंबाखूच्या पाकिटावरच्या इशाऱ्याच्या चित्रांचा दाखला दिला गेला. २०१६ पासून ती ८५ टक्के जागा व्यापतात, चांगलं आहे. पण घरच्या तव्यावर भाजून डबीत भरलेल्या मशेरीवर कोण चित्र छापणार? तो वाद माझ्यापुरता तिथेच मिटतो.

तिथलं दुसरं म्हणणं, ओपीडीत हे सगळं विचारायला वेळ नसतो. हमरापूरकडे गणपतीच्या कारखान्यात काम करणारा एक कारागीर खोकल्यासाठी माझ्याकडे यायचा. दर खेपेला मी नाडी धरताना एवढंच विचारायचो, "आज तंबाखूचा बार कुठल्या गालात?" आधी हसायचा, मग लाजायला लागला. दीड वर्षाने म्हणाला, "डॉक्टर, दोन्ही गाल रिकामे." सगळ्या भेटींत त्या प्रश्नावर गेलेला वेळ जमेला धरला तरी अर्धा तास होणार नाही. हा पुरावा शास्त्रीय नाही म्हणणाऱ्यांनी स्वतः विचारून बघावं.

तंबाखू सोडवायला देतात त्या निकोटिनच्या चघळायच्या गोळीवरून तर मला रागच येतो. एका इंटर्नने धाटावच्या कामगाराला ती दिली आणि सांगितलं, "चघळा." त्याने साध्या च्युइंगगमसारखी भराभरा चावली, उचक्या लागल्या, मळमळलं, पुडी फेकली आणि पुन्हा तंबाखू मळायला बसला. गोळी हळू चावायची, जिभेला झिणझिण्या आल्या की गालात दाबून ठेवायची, झिणझिण्या थांबल्या की पुन्हा चावायची. म्हणजे आयुष्यभर बार ठेवला तशीच! "बार ठेवता तशी ठेवा," एवढं एक वाक्य पुरलं असतं. पण ते वाक्य पुस्तकात नाही, आणि शिकवणाऱ्याने कधी कुणाला तंबाखू मळताना जवळून पाहिलेलं नाही. २०१९ पासून एमबीबीएसचा अभ्यासक्रम बदलला, त्यात रुग्णाशी संवाद आला. आला खरा, पण तो संवाद मशेरीपर्यंत पोचायचा आहे.

परिषदेने काय करायचं? केसपेपरचा नवा नमुना करावा : विडी, तंबाखू, मशेरी, गुटखा, सगळं वेगवेगळं विचारणारा. पेण आणि रोह्याच्या सरकारी दवाखान्यांना तो द्यावा. कोण करील, कधी, ते चहाच्या वेळी ठरवू. १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडण्यासाठीचा मोफत फोन नंबर खाली छापावा. विद्यार्थ्यांना महिनाभर आशाताईंबरोबर गावात फिरवावं, ही माझी जुनी मागणी आहे. तिला दर वेळी टाळ्या मिळतात.

विद्यार्थ्यांनो, जेवणाच्या सुट्टीत माझ्याकडे या. डबीत मशेरी आणली आहे. तुमच्यातल्या किती जणांनी ती पाहिली आहे, ते मला मोजायचं आहे.