तिसरी तुकडी

श्रोतेहो, वर्तमानपत्राच्या क्रीडा पानावर अगदी तळाशी, बारीक टायपात, कधी कधी खो-खोच्या सामन्याची बातमी असते. कुणी कुणाला किती गुणांनी हरवलं, ते पहिल्या ओळीत. मग दोन-तीन नावं आणि प्रत्येक नावापुढं कंसात आकडे. उदाहरणार्थ, 2.10, 1.40 मि. व 3 गडी. म्हणजे या खेळाडूनं एका पाळीत दोन मिनिटं दहा सेकंद बचाव केला, दुसऱ्या पाळीत एक मिनिट चाळीस सेकंद, आणि पाठलाग करताना समोरचे तीन गडी बाद केले. पुष्कळजण ही बातमी ओलांडून क्रिकेटकडं जातात. पण ज्याला ती वाचता येते, त्याला अर्ध्या इंचात अख्खा सामना दिसतो.

फक्त एक गोष्ट दिसत नाही. नावं तिघांची छापली जातात. मैदानावर खेळतात नऊ, आणि यादीत असतात बारा. उरलेल्या नऊ जणांचं काय? सामन्याआधी समोरच्या संघाचा अंदाज घेताना या उरलेल्यांना कसं मोजायचं, हे मला एका विशीतल्या मुलीनं शिकवलं. ती माझी भाची.

आम्ही कर्वेनगरला राहतो. भाची तेव्हा, म्हणजे काही वर्षांपूर्वी, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि कॉलेजच्या खो-खो संघात होती. संघात होती म्हणजे नववी होती. तिसऱ्या तुकडीतली तिसरी. माझ्या आपाला, म्हणजे तिच्या आईला, हे काही पटत नव्हतं. "पेपरात नाव नाही, कपाटात एक कप नाही. मग रोज अंधार पडेपर्यंत मैदानात करते काय ही? तूच सांग तिला," असं आपानं मला बजावलं. मी मराठी घेऊन बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. खेळातलं मला काय कळणार? पण आपाचं काम, नाही म्हणता येईना. म्हणून एका संध्याकाळी मैदानावर गेलो.

दुसऱ्या दिवशी त्यांचा आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतला उपांत्य सामना होता. समोरचा संघ नावाजलेला. त्यातल्या दोघी विद्यापीठाच्या संघातून खेळून आलेल्या. मला वाटलं, या मुली त्या दोघींच्याच काळजीत असतील. प्रत्यक्षात त्यांची कप्तान एक वही उघडून बसली होती, आणि वहीत त्या दोघींबद्दल जेमतेम एक ओळ होती. बाकीचं पान उरलेल्यांबद्दल होतं.

"मामू, त्या दोघी चांगल्या आहेत हे सगळ्यांनाच माहीत आहे," भाची म्हणाली. "त्यात शोधायचं काय?"

यासाठी खेळाचा हिशेब थोडा समजून घ्यायला हवा. पारंपरिक नियमांप्रमाणे एक पाळी नऊ मिनिटांची. बचाव करणारा संघ तिघा-तिघांच्या तुकड्यांनी मैदानात उतरतो. पहिल्या तुकडीतले तिघंही बाद झाले की दुसरी, ती संपली की तिसरी. कुणानंतर कोण उतरणार तो क्रम गुणलेखकाकडं आधीच नोंदवलेला असतो. तिन्ही तुकड्या संपल्या आणि वेळ उरला, तर पहिल्या तुकडीला पुन्हा मैदानात यावं लागतं, दमल्या पायांनी. आणि प्रत्येक बाद गडी म्हणजे समोरच्याला एक गुण.

कप्तानाच्या वहीत त्या दिवशी सकाळचा सामना मांडलेला होता. समोरच्या संघाची पहिली तुकडी चार मिनिटं खेळली होती. दुसरी अडीच मिनिटं. तिसरी जेमतेम सव्वा मिनिट. बेरीज पावणेआठ मिनिटं. म्हणजे शेवटचं सव्वा मिनिट त्या दोन नामवंत मुलींना परत यावं लागलं होतं. खाली या मुलींचा स्वतःचा हिशेब होता: तीन मिनिटं, पावणेतीन, अडीच. बेरीज सव्वाआठ. एकही नाव पेपरात येण्यासारखं नाही, आणि तरी बेरीज अर्ध्या मिनिटानं जास्त.

श्रोतेहो, मला गझलेची आठवण झाली. मुशायऱ्यात मतला दमदार असला की दाद मिळते. मक्त्यात शायराचं नाव येतं, तो लक्षात राहतो. पण जाणकार माणूस मधले शेर ऐकतो. गझल पुरी व्हावी म्हणून जागा भरायला लिहिलेल्या शेराला आमच्यात भरतीचा शेर म्हणतात. भरतीचे शेर किती आहेत यावरून शायराची खोली कळते. एक चांगला शेर कुणालाही सुचतो. सातच्या सात उभे करायला रियाझ लागतो. ती वही बघताना मला वाटलं, ही मुलगी समोरच्या संघातले भरतीचे शेर शोधते आहे.

शोधायच्या जागाही ठरलेल्या होत्या. पहिली जागा, मधले चौक. पाठलाग करताना आठजणी मधल्या पाटीवरच्या आठ चौकांत बसतात, एकीआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून, आणि नववी धावते. धावणारीला दिशा बदलता येत नाही, मधली पाटी ओलांडता येत नाही. पळणारी मुलगी पलीकडं गेली की बसलेल्या मैत्रिणीला खो द्यायचा, तिनं उठून धावायचं. खांबाजवळच्या चौकांत बहुतेक संघ आपल्या तरबेज मुली बसवतात. मधे बसलेली एखादी उठायला किंचित उशीर करते. तो अर्ध्या सेकंदाचा उशीर ज्या संघाला दिसला, त्यातल्या पळणाऱ्या मुली नेमक्या तिच्याच आजूबाजूला साखळी खेळत राहतात. आठ मुलींच्या भिंतीत एक वीट सैल असली तरी वाट सापडते.

दुसरी जागा, तिसरी तुकडी. पहिल्या तुकडीतल्या मुलीला हूल देता येते, साखळी येते, गोलातलं पळणंही येतं. तिसऱ्या तुकडीतल्या मुलीला बहुधा यातली एकच गोष्ट नीट येते. ती कोणती हे आधी कळलं तर तिचा पाऊण मिनिटात निकाल लागतो.

तिसरी जागा मला सर्वांत आवडली. मैदानाबाहेर बसलेल्या तिघी राखीव मुली. "त्यांचे बूट बघायचे, मामू," भाची म्हणाली. "नाड्या बांधलेल्या असतील, सामना सुरू होण्याआधी त्यासुद्धा पळून अंग गरम करत असतील, तर तो संघ बारा जणींचा. आणि त्या पाण्याच्या बाटल्या सांभाळत बसल्या असतील, तर तो संघ नऊ जणींचा. कुणाचा पाय मुरगळला की आठ जणींचा."

दुसऱ्या दिवशी मी रिक्षा करून सामन्याला गेलो. बेत साधा होता. समोरची पहिली तुकडी मैदानात असताना सूर मारून गुडघे फोडून घ्यायचे नाहीत. खो नीट द्यायचे, त्यांना पळतं ठेवायचं, दम राखायचा. खरा जोर दुसऱ्या आणि तिसऱ्या तुकडीवर लावायचा. त्या दोन विद्यापीठवाल्या मुली खरोखर सुंदर खेळल्या, हे सांगायलाच हवं. प्रेक्षक त्यांच्यासाठी टाळ्या वाजवत होते, मीही वाजवल्या. पण त्यांच्यामागं आलेल्या मुली टिकल्या नाहीत, आणि त्या दोघींना पुन्हा पुन्हा यावं लागलं. शेवटच्या पाळीत भाचीच्या संघाला बचाव करायचा होता. तिसरी तुकडी उतरली तेव्हा हातात थोडीच आघाडी होती आणि घड्याळात दोन मिनिटांहून जास्त वेळ. भाचीच्या बरोबरच्या दोघी बाद झाल्या. ती शिट्टी होईपर्यंत नाबाद राहिली. एका गुणानं सामना जिंकला.

पेपरात बातमी आली. तीन नावं होती, तिचं नव्हतं. ते साहजिकच होतं. बातमीदारानं सर्वाधिक वेळ टिकलेल्यांची नावं दिली होती. मी आपासमोर कागद घेऊन बसलो, तुकड्यांची बेरीज करून दाखवली आणि नववी मुलगी नसती तर काय झालं असतं ते मांडलं. आपानं सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "पुढचा सामना किती वाजता आहे?" अंतिम सामना त्या हरल्या. आपा मात्र शेवटपर्यंत बसून होती.

आपाचा प्रश्न चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. मुलींच्या संघाची खोली मैदानावर ठरण्याआधी घरात ठरते. परीक्षा, नोकरी, लग्न, संध्याकाळी घरी परतण्याची वेळ या सगळ्यांची पहिली झळ नवव्या, दहाव्या, बाराव्या मुलीला लागते. पहिल्या मुलीला कॉलेज सांभाळतं, शिक्षक घरी येऊन आईबापांना विनवतात. बारावी मुलगी एके दिवशी यायची बंद होते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. लक्षात येतं ते वर्षभरानं, पहिलीचा गुडघा दुखावल्यावर.

आणि हे बोलायला कर्वेनगरसारखी दुसरी जागा नाही. या भागाचं जुनं नाव हिंगणे. महर्षी धोंडो केशव कर्व्यांनी विधवांसाठी 1896 मध्ये सुरू केलेली संस्था 1900 साली इथं आली, तेव्हा इथं माळ होता आणि एक झोपडी होती. आज त्याच संस्थेचं, 1991 मध्ये सुरू झालेलं मुलींचं अभियांत्रिकी महाविद्यालय इथं उभं आहे. कर्व्यांना 1958 मध्ये भारतरत्न मिळालं, त्यांचं नाव वस्तीला लागलं, रस्त्याला लागलं. पण संस्था एका माणसावर उभी राहत नाही. पार्वतीबाई आठवले या आनंदीबाई कर्व्यांच्या भगिनी. त्याही विधवा. मोठ्या वयात शिकल्या, हिंगण्याच्या कामात पडल्या, संस्थेसाठी वर्गणी मागत गावोगाव हिंडल्या आणि पुढं अमेरिकेपर्यंत जाऊन आल्या. कर्वे रस्त्यानं रोज जाणाऱ्या किती जणांना त्यांचं नाव आठवतं? कर्व्यांच्या मागं अशा माणसांची दुसरी आणि तिसरी तुकडी होती, म्हणून तो खेळ सव्वाशे वर्षांहून अधिक चालला.

खो-खोचंही पुण्याशी जुनं नातं आहे. या खेळाचे नियम बांधून घ्यायचं काम 1914 मध्ये इथल्याच डेक्कन जिमखान्यावर सुरू झालं. त्यानंतर शंभरावर वर्षांनी, जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. 19 जानेवारीला अंतिम सामने होते. भारताच्या महिलांनी नेपाळला 78-40 असं हरवलं, पुरुषांनीही नेपाळलाच 54-36 असं. प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर हे दोन्ही कर्णधार पुणे परिसरात घडलेले. भाची आता नोकरी करते; ते सामने आम्ही एकत्र टीव्हीवर पाहिले. नियम बदललेत, पाळी लहान झालीय, मॅटवर दिवे आहेत, कुठल्याही दिशेला धावू शकणारा एक वजीरही आलाय. पण तुकड्या तिघांच्याच आहेत. आता तर एखादी तुकडी ठरावीक वेळेपेक्षा जास्त टिकली की बचाव करणाऱ्यांनाही गुण मिळतात.

भाचीनं मला महिला संघातली पंधरा नावं वाचायला लावली. महाराष्ट्राबरोबर गुजरात, राजस्थान, कर्नाटक, ओडिशा, दिल्ली अशा कितीतरी ठिकाणच्या मुली. त्यात दिल्लीची नसरीन शेख होती. ती आधी भारताची कर्णधार राहिलेली, 2023 चा अर्जुन पुरस्कार मिळवलेली. या वेळी दुसरीच्या नेतृत्वाखाली पंधरा जणींतली एक म्हणून खेळत होती. "आता सांगा मामू," भाची म्हणाली, "ज्यांच्याकडं आधीची कप्तान अशी यादीत मधेच कुठंतरी आहे, त्या संघाचा अंदाज समोरच्यानं कसा घ्यायचा?"

म्हणून श्रोतेहो, माझी एक विनंती आहे. तुमच्या वस्तीत, कॉलेजात, शाळेत मुलींचा खो-खोचा सामना असेल तर जरूर जा. पहिल्या तुकडीला टाळ्या वाजवा, पण लगेच उठू नका. तिसरी तुकडी उतरेपर्यंत थांबा, बाहेर बसलेल्या तिघींच्या बुटांकडं एकदा बघून घ्या. आणि तुमच्या घरात अशी एखादी नववी किंवा बारावी मुलगी असेल, तर संध्याकाळी ती उशिरा दमून आल्यावर पेपरात नाव आलं का, असं विचारू नका. आज किती मिनिटं टिकलीस, एवढं विचारा. ती बसून सगळा हिशेब सांगेल.