लाइन पंचायतीपर्यंत, पोरगी रांगेत



जून 2025 मध्ये वक्फसाठी ‘उमीद’ पोर्टल सुरू झालं, मुदत सहा महिन्यांची. मशिदी-कब्रस्तानांचे कागद पिशवीत घालून गावोगावचे मुतवल्ली तालुक्याला गेले, सायबर कॅफेत तासन् तास बसले. पुरुष होते, म्हणून बसू शकले. तेव्हा आपण नेटच्या नावाने बोटं मोडली. पण घरातली बारावीची पोरगी स्कॉलरशिपच्या अर्जासाठी हेच दरवर्षी सोसते. तिचा अर्ज दुकानवाला भरतो, पासवर्डही त्याच्याच वहीत!

ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची योजना 2011 ची. आज तिला भारतनेट म्हणतात. कित्येक गावांत पेटी भिंतीवर आहे, पण वीज नाही, केबल तुटलेली, नाहीतर ऑफिसलाच कुलूप.

केरळात फहीमा शिरीन ही विद्यार्थिनी हॉस्टेलमधल्या मोबाइलबंदीविरुद्ध हायकोर्टात गेली. इंटरनेट हा शिक्षणाच्या हक्काचा भाग आहे, असं कोर्टाने 2019 मध्ये मान्य केलं.

आपल्याला कोर्टात जायची गरज नाही, ग्रामसभा आहे. तिथे विचारा: जोडणी चालू आहे का? शाळेपर्यंत, वाचनालयापर्यंत लाइन कधी ओढणार? आणि हे मुलींनाच विचारू द्या. ठराव लिहून घ्या, प्रत मागा.