खांद्याचे दुखणे आणि आपला व्यवसाय
(वार्षिक संमेलनातील व्याख्यान)



कात्री, सुई आणि शिलाईचे मशीन यांच्या बळावर आपल्या शिंपी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या संसार चालविले. परंतु हा सारा भार ज्या खांद्याने वाहिला, त्याची वास्तपुस्त आपण क्वचितच केली. आम्हीही त्याच अपराधाचे धनी आहोत. कापड बेतताना आमचा उजवा खांदा दोन वर्षे दुखत होता. गिऱ्हाइके तुटतील या धास्तीने आम्ही ते घरातही कळू दिले नाही. अखेर फळीवरचा तागा उतरविण्यास हात वर जाईना, तेव्हा आमचे डोळे उघडले.

व्यायामोपचार करणाऱ्या बाईंनी आमच्या मानेजवळ व पाठीवर लहान चकत्या चिकटवून त्या एका यंत्रास जोडल्या. स्नायू आकुंचन पावताना त्यात विजेचा अतिसूक्ष्म संचार होतो. तो मोजून हे यंत्र पडद्यावर रेषेच्या रूपाने दाखविते. यास बायोफीडबॅक म्हणतात. आम्ही स्वस्थ बसलो आहोत असे आम्हांस वाटत होते. रेषा मात्र वर चढलेली! "मास्तर, खांदे कानांशी का नेता?" बाईंनी विचारले. खांदे सैल सोडताच रेषा उतरली. जे आजवर जाणवले नव्हते, ते डोळ्यांना दिसले.

माणूस अशा सूचनेच्या साहाय्याने स्नायूच्या अगदी लहान घटकावरही ताबा मिळवू शकतो, हे जॉन बास्माजियन यांनी १९६३ साली दाखवून दिले. तथापि यंत्र हा केवळ आरसा आहे. व्यायामास त्याची जोड दिल्याने किती अधिक लाभ होतो, याविषयीचा पुरावा अद्याप तोकडा आहे. गुण येतो तो नित्याच्या व्यायामाने. ब्रिटनमध्ये खांद्याच्या ७०८ रुग्णांवर झालेल्या व २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, एकदाच नीट सल्ला घेऊन घरी व्यायाम करणारे आणि तज्ज्ञाकडे अनेकदा जाणारे, यांच्यात वर्षअखेर लक्षणीय अंतर आढळले नाही. ज्यांस दुकान सोडून वारंवार जाणे परवडत नाही, त्यांना याहून मोठा दिलासा कोणता?

आम्हांस सांगितलेले व्यायाम साधे आहेत. खांद्याची दोन्ही पाती मागे व किंचित खाली ओढून पाच अंक मोजावेत. भिंतीवर तळवे टेकून जोर काढावेत. कोपर व बरगडी यांमध्ये कापडाची घडी धरून, रबरी पट्टा हाताने बाहेर ओढावा. प्रत्येक प्रकार दहा वेळा. थोडे दुखले तर चालेल. दुसऱ्या दिवशीही दुखणे वाढलेलेच राहिले, तर व्यायाम कमी करावा. फळ दिसण्यास दोन-तीन महिने लागतात. मात्र पडल्यानंतर हात उचलत नसेल, ताप असेल किंवा खांदेदुखीबरोबर छातीत दाटत असेल, तर व्यायाम न करता तत्काळ डॉक्टरांकडे जावे. मधुमेह असणाऱ्यांचा खांदा आखडण्याचा संभव अधिक, हेही ध्यानी असावे.

तीन महिन्यांनी आम्ही तो तागा स्वतःच्या हाताने उतरविला. बंधुभगिनींनो, दुखणे लपविणे हा कष्टाळूपणा नव्हे. दुकानात बसणाऱ्या पुरुषांनी आणि विशेषतः घरी रात्री उशिरापर्यंत शिवणाऱ्या भगिनींनी आपले दुखणे वेळीच बोलून दाखवावे, एवढीच आमची नम्र विनंती आहे.