‘नाहीतर’ कोणाचे? : यंत्रासाठी रचलेले व्याकरण

परगावी राहणाऱ्या एखाद्या खातेदाराने शेतावरील आपल्या कारभाऱ्याला पत्रातून एक ओळ लिहून पाठवावी : ‘पाऊस झाला तर, गडी मिळाले तर पेरणी उरकावी, नाहीतर पत्राने कळवावे.’ ओळ साधी आहे. तीत एकही अवघड शब्द नाही. परंतु पाऊस झालाच नाही, तर कारभाऱ्याने काय करावयाचे? ‘नाहीतर’ हा शब्द पावसाशी जोडला, तर पत्र लिहावयास हवे. तोच शब्द गड्यांशी जोडला, तर पाऊस न झाल्यास काय करावे याविषयी ही ओळ मुळीच बोलत नाही. उलट, पाऊस झाला पण गडी मिळाले नाहीत, तर पहिल्या अर्थाप्रमाणे स्वस्थ बसावयाचे आणि दुसऱ्या अर्थाप्रमाणे पत्र धाडावयाचे. शब्द तेच, क्रम तोच. परंतु आज्ञा दोन निघाल्या.

कारभारी शहाणा असेल तर धन्याचा स्वभाव जाणून योग्य ते करील, किंवा उलट टपाली विचारून घेईल. गणकयंत्राला मात्र धन्याचा स्वभाव ठाऊक नसतो. त्याला दिलेल्या आज्ञापत्रातील एखादी ओळ दोन प्रकारांनी लावता येत असेल, तर एका ठिकाणचे यंत्र ती एका रीतीने लावील आणि दुसऱ्या ठिकाणचे दुसऱ्या रीतीने. गणित एकच, उत्तरे मात्र दोन, असा प्रसंग ओढवेल. हा धोका टाळावयाचा, तर यंत्राला समजणाऱ्या भाषेचे व्याकरण आधी निःसंदिग्ध लिहून ठेवले पाहिजे. ‘संदर्भमुक्त व्याकरण’ या नावाने ओळखली जाणारी कल्पना या गरजेला उपयोगी पडली.

या कल्पनेचा उगम दोन निरनिराळ्या ठिकाणी झाला, ही मौजेची गोष्ट होय. अमेरिकेतील भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्की यांनी १९५६ मध्ये एका निबंधात, मानवी भाषेतील वाक्यांची घडण सांगण्यास कोणत्या प्रकारचे नियम पुरेसे पडतील, याचा गणिती विचार मांडला. त्यांचे लक्ष माणसाच्या बोलण्याकडे होते. दुसरीकडे, १९५८ मध्ये युरोप आणि अमेरिका येथील आठ तज्ज्ञ झुरिक येथे जमले आणि कोणत्याही यंत्रावर चालावी अशी एक सार्वत्रिक आज्ञाभाषा त्यांनी आखली. हीच पुढे ‘अल्गोल’ या नावाने प्रसिद्ध झाली. त्या मंडळीत जॉन बॅकस होते. १९५७ मध्ये बाहेर पडलेली ‘फोर्ट्रान’ ही भाषा त्यांच्याच नेतृत्वाखाली तयार झाली होती. नव्या भाषेचे वर्णन साध्या गद्यात केले असता त्यात फटी राहतात, हे ध्यानी येऊन बॅकस यांनी १९५९ मध्ये पॅरिस येथील परिषदेत नियम लिहिण्याची एक सूत्रबद्ध पद्धती मांडली. डेन्मार्कचे पीटर नाउर यांनी ती अधिक सुटसुटीत केली, आणि १९६० च्या जानेवारीत पॅरिस येथे तेरा तज्ज्ञांच्या बैठकीत जी भाषा निश्चित झाली, तिचा अहवाल याच पद्धतीने लिहिला. आज ही पद्धती ‘बॅकस–नाउर पद्धती’ या नावाने ओळखली जाते. भाषाशास्त्रज्ञाचे व्याकरण आणि यंत्रज्ञांची पद्धती या मुळात एकच आहेत, हे सेमूर गिन्सबर्ग आणि गॉर्डन राइस यांनी १९६२ मध्ये सिद्ध केले.

आता हे व्याकरण असते तरी कसे? मराठीचाच एक चिमुकला तुकडा घेतला तर ते स्पष्ट होईल. पहिला नियम : वाक्य म्हणजे नामगट आणि त्यापुढे क्रियागट. दुसरा नियम : नामगट म्हणजे एखादे नाम, किंवा विशेषण आणि त्यापुढे पुन्हा नामगट. तिसरा नियम : क्रियागट म्हणजे नुसते क्रियापद, किंवा नामगट आणि त्यापुढे क्रियापद. शब्दांचा संग्रहही लहानच ठेवू : ‘मुलगा’ व ‘आंबा’ ही नामे, ‘लहान’ व ‘गोड’ ही विशेषणे, ‘खातो’ व ‘पाहतो’ ही क्रियापदे. ‘वाक्य’ या नावापासून आरंभ करावयाचा, प्रत्येक नावाच्या जागी नियमाने सांगितलेले घटक ठेवावयाचे, आणि नुसते शब्द उरले म्हणजे थांबावयाचे. ‘लहान मुलगा गोड आंबा खातो’ हे वाक्य अशा रीतीने सिद्ध होते. हा सारा प्रवास कागदावर काढला तर उलट्या झाडासारखी आकृती मिळते. तिच्या मुळाशी ‘वाक्य’, फांद्यांवर गट आणि टोकांना शब्द असतात. तिला रचनावृक्ष म्हणावे.

दुसऱ्या नियमात एक विशेष दडला आहे. नामगटाची व्याख्या करताना नामगट हेच नाव पुन्हा वापरलेले आहे. शिडीवरून उतरताना पुन्हा तीच पायरी लागावी तसा हा प्रकार. परंतु यात दोष नाही, कारण ‘एखादे नाम’ हा बाहेर पडण्याचा मार्ग त्याच नियमात ठेवलेला आहे. या एका युक्तीने मूठभर नियमांतून अगणित वाक्ये निर्माण होऊ शकतात. मात्र ‘लहान आंबा पाहतो’ हे वाक्यही हे व्याकरण बिनदिक्कत मान्य करते. आंब्याला डोळे नाहीत हे सांगणे त्याच्या कक्षेत येत नाही. ते फक्त घडण पाहते.

‘संदर्भमुक्त’ या विशेषणाचा अर्थ समजण्यास संधीचे नियम उपयोगी पडतात. ‘अति’ आणि ‘अंत’ मिळून ‘अत्यंत’ होते. परंतु ‘अति’ आणि ‘क्रमण’ मिळून ‘अतिक्रमण’च राहते. इकाराचा यकार व्हावयाचा की नाही, हे पुढे स्वर आहे की व्यंजन, यावर अवलंबून असते. म्हणजे हा नियम शेजाऱ्याला विचारल्यावाचून पाऊल टाकीत नाही. तो संदर्भाने बांधलेला आहे. पाणिनीने आपल्या सुमारे चार हजार सूत्रांत अशा नियमांसाठी विभक्तींचा मोठा चतुर उपयोग केला. कशाच्या जागी बदल करावयाचा ते षष्ठीने, पुढे काय असावे ते सप्तमीने आणि मागे काय असावे ते पंचमीने दाखवावयाचे, अशी त्याची व्यवस्था आहे. चॉम्स्की यांच्या संदर्भमुक्त नियमाला असे काही विचारावयाचे नसते. नामगट वाक्याच्या आरंभी असो की मध्ये, डावीकडे काय आहे आणि उजवीकडे काय आहे याची पर्वा न करता त्याच्या जागी तेच घटक येऊ शकतात. नियमांच्या सूत्रबद्ध लेखनाचे जुने श्रेय ध्यानी घेऊन, बॅकस यांच्या पद्धतीला पाणिनीचेही नाव जोडावे, अशी सूचना पीटर इंगरमन यांनी १९६७ मध्ये एका पत्राद्वारे केली होती. दोन्ही पद्धती एकच नव्हेत, हे वरील भेदावरून दिसते. परंतु थोडक्या नियमांतून भाषेचा विस्तार उभा करण्याची दृष्टी दोहोंत समान आहे.

शेजाऱ्याकडे न पाहणारे हे नियम दुबळे असतील, असे कोणास वाटेल. प्रत्यक्षात ‘आत’ आणि ‘बाहेर’ यांचे भान त्यांना उत्तम असते. ‘जर पाऊस एकतर वेळेवर आला किंवा थोडासा लांबला, तर पेरणी साधेल’ या वाक्यात ‘जर’ला ‘तर’ची वाट पाहावी लागते, आणि मधल्या काळात ‘एकतर’ आणि ‘किंवा’ यांची जोडी आपला संसार आटोपून घेते. गणितातील कंसांचेही असेच आहे. शेवटी उघडलेला कंस आधी मिटावा लागतो. ज्या यंत्राची स्मृती ठरावीक मापाची, त्याला ही जोडणी शेवटपर्यंत सांभाळता येत नाही. ज्याला दहापर्यंतच मोजता येते, त्याला अकरा कंस उघडले की बारा, हे कसे कळावे? त्याला हवी असते एक उतरंड. कंस उघडला की उतरंडीवर एक मडके चढवावयाचे, कंस मिटला की वरचे मडके उतरवावयाचे. शेवटी उतरंड रिकामी झाली, आणि मध्ये कोठेही मडक्यावाचून हात रिकामा आला नाही, तर कंस बरोबर जुळले. संदर्भमुक्त व्याकरणाने जी भाषा सांगता येते, तीच नेमकी अशी उतरंड बाळगणाऱ्या यंत्राला ओळखता येते, हा या शास्त्रातील एक पायाभूत सिद्धान्त होय. तो १९६० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत प्रस्थापित झाला.

येथवर सर्व सुरळीत दिसते. परंतु एकाच वाक्याचे दोन निराळे रचनावृक्ष निघू लागले म्हणजे आरंभीच्या पत्राची अडचण पुन्हा समोर उभी राहते. शाळेत सूचना लागते : ‘जुन्या पाट्या आणि वह्या काढून टाकाव्यात.’ एका वृक्षात ‘जुन्या’ हे विशेषण फक्त पाट्यांच्या फांदीवर आहे, दुसऱ्यात ते दोहोंच्या वर आहे. पहिल्याप्रमाणे वागणारा शिपाई कालच आणलेल्या कोऱ्या वह्याही रद्दीत घालील. अंकगणितातही असेच घडते. दोन अधिक तीन गुणिले चार याचे उत्तर गुणाकार आधी केल्यास १४, बेरीज आधी केल्यास २०. ‘पदावली म्हणजे अंक, किंवा दोन पदावल्यांची बेरीज, किंवा दोन पदावल्यांचा गुणाकार’ एवढाच नियम लिहिला, तर व्याकरण दोन्ही वृक्षांना सारखाच आशीर्वाद देते.

येथे व्याकरणकाराचे कौशल्य लागते. नियमांचे मजले पाडावयाचे : बेरीज ही गुणाकारांची, गुणाकार हा घटकांचा, आणि घटक म्हणजे अंक किंवा कंसात बंद केलेली बेरीज. आता गुणाकार खालच्या मजल्यावर गेला. कंस न घालता बेरजेला त्याच्या आत शिरता येत नाही, आणि १४ हे एकच उत्तर उरते. व्याकरण सुधारले. ‘नाहीतर’च्या भांडणावरही निरनिराळ्या भाषांनी निरनिराळे तोडगे काढले. अल्गोल ६० ने ‘तर’च्या लगोलग दुसरे ‘जर’ येऊ देण्यास मनाई केली. त्याला आधी आरंभ आणि अंत या शब्दांचे कुंपण घालावे लागे. पुढे आलेल्या ‘सी’ या भाषेने ‘नाहीतर’ नेहमी जवळच्या ‘जर’चे, असा दंडक घातला. अल्गोल ६८ ने तर प्रत्येक ‘जर’ मिटविण्यासाठी स्वतंत्र शब्द ठेवला, आणि तोही इंग्रजी ‘इफ’ उलटा लिहून ‘फि’ असा केला.

यावर कोणीही विचारील की, व्याकरण द्व्यर्थी आहे किंवा नाही हे तपासण्याचे काम यंत्रावरच का सोपवू नये? त्याचे उत्तर १९६२ मध्ये मिळाले, आणि ते नकारार्थी आहे. डेव्हिड कॅन्टर आणि रॉबर्ट फ्लॉइड यांनी आपापल्या निबंधांत दाखविले की, कोणतेही संदर्भमुक्त व्याकरण हाती दिले असता ते द्व्यर्थी आहे की एकार्थी, याचा अचूक निवाडा नेहमी करील अशी यांत्रिक रीत असूच शकत नाही. यंत्राचा वेग वाढवून किंवा स्मृती विस्तारून हा अडथळा ओलांडता येत नाही. त्याच्या एक वर्ष आधी, गुजरातेत जन्मलेले गणिती रोहित पारीख यांनी आणखी एक गोष्ट उघड केली होती. काही संदर्भमुक्त भाषा अशा आहेत की त्यांचे संदर्भमुक्त व्याकरण कोणीही, कसेही लिहिले तरी त्यात दुहेरी अर्थाची वाक्ये राहणारच. तेथे दोष लिहिणाऱ्याचा नाही, भाषेचाच.

तरीही या निकालाने काम थांबले नाही. सर्व व्याकरणांचा निवाडा करता येत नसला, तरी विशिष्ट शिस्तीत लिहिलेल्या व्याकरणांचा करता येतो. १९६५ मध्ये डोनाल्ड क्नूथ यांनी असा एक मोठा वर्ग दाखवून दिला. त्यातील भाषा यंत्र डावीकडून उजवीकडे एकदाच वाचत जाते, मागे वळत नाही, आणि वाक्याच्या लांबीच्या प्रमाणातच वेळ घेते. अशी व्याकरणे द्व्यर्थी नसतात, याची हमी त्यांच्या रचनेतच असते. आजही आज्ञाभाषा घडविणारे लोक व्याकरण लिहितात ते बहुधा बॅकस–नाउर पद्धतीच्या एखाद्या रूपात, आणि अशी शिस्त सांभाळूनच.

मानवी भाषा या चौकटीत पुरती मावते काय? १९८५ मध्ये स्टुअर्ट शीबर यांनी स्वित्झर्लंडमधील जर्मन बोलीच्या आधारे दाखविले की, तेथील काही वाक्यांत नामे आणि क्रियापदे यांच्या जोड्या उतरंडीच्या क्रमाने न जुळता एकमेकींना छेदून जातात, आणि संदर्भमुक्त नियमांना ते साधत नाही. माणसाचे बोलणे चौकटीबाहेर थोडे सांडतेच. ते सांडलेले सावरण्यास ऐकणारा माणूस असतो.

यंत्राच्या बाबतीत तसा आधार नाही, म्हणून ती काळजी व्याकरण लिहिणाऱ्याने आधी घ्यावी लागते. परगावच्या त्या खातेदारानेही तीच घ्यावयास हवी होती. ‘पाऊस आणि गडी दोन्ही मिळाले तर पेरणी उरकावी, दोहोंतील एकाचीही उणीव पडली तर पत्राने कळवावे’, असे त्याने लिहिले असते, तर चार शब्द अधिक पडले असते, पण पावसाची वाट पाहणाऱ्या कारभाऱ्याला पत्राचीही वाट पाहत बसण्याची वेळ आली नसती.