पुरांत गेलेली पेटी

(धर्मग्रामाच्या शतसांवत्सरिक महोत्सवानिमित्त सभागृहांत झालेलें भाषण)



जुबिली हा शब्द आज आपण पुष्कळ वेळां ऐकला. लेवीय पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायांत त्याचें मूळ सांपडतें. पन्नासाव्या वर्षीं शिंग फुंकावें, आणि ज्याचें वतन हातचें गेलें असेल त्यानें आपल्या वतनावर व आपल्या कुळांत परत जावें, असा तो नियम होता. आपल्या धर्मग्रामानें असे दोन पन्नास पुरे केले. या प्रसंगीं घर व परंपरा यांविषयीं मीं चार शब्द बोलावे अशी चालकांची इच्छा आहे. परंतु परंपरेवर उपदेश करण्याचा अधिकार मीं एका रात्रींत गमावला. ती रात्र कशी गेली एवढेंच सांगतों.

गोष्ट २०१८ सालच्या जुलै महिन्यांतील. त्या आठवड्यांत वसईंत पाऊस कसा पडला तें येथें बसलेल्यांपैकीं बहुतेकांस आठवत असेल. आगगाड्या बंद पडल्या, मिठागरांतील वस्तीवर शेंकडों माणसें अडकलीं, वीज गेली ती लवकर आली नाहीं. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझच्या वेधशाळेंत एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला, तेव्हां देखील आमच्या घरीं पाणी पायरीखालींच थांबलें होतें. या वेळींही तें तेथेंच थांबेल असें मी धरून चाललों. वडिलांच्या काळीं आमच्या वाडीच्या मागें बावखल होतें. पावसाचें पाणी आधीं त्यांत उतरे, मग सावकाश नाल्यानें खाडीला जाई. पुढें गांवोगांवचीं बावखलें बुजलीं, नाले अरुंद झाले, पाणथळ जागेंत भराव पडून इमारती उभ्या राहिल्या. वरून पाऊस आणि खाडीला भरती, अशा वेळीं पाण्यानें जावें तरी कोठें? या कामीं दुसऱ्यांस दोष देणें सोपें आहे. आमचें बावखल मात्र दुसऱ्या कोणीं बुजविलें नाहीं. डासांचा त्रास होतो म्हणून मींच दोन उन्हाळे त्यांत माती टाकविली. हें या सभेंत सांगितलेंच पाहिजे.

रात्रीं दोनच्या सुमारास पाणी उंबरठा ओलांडून आंत आलें. सामान माळ्यावर चढविण्यास अर्धा तास मिळाला. त्या अर्ध्या तासांत मीं काय काय वांचविलें तें ऐका: टीव्ही, तांदळाचीं दोन पोतीं, मुलाचा संगणक, बँकेचीं कागदपत्रें, नवें मिक्सर, आणि बायकोनें हातांत दिली म्हणून पवित्र मरियेची मूर्ति. पलंगाखालची आईची पत्र्याची पेटी मला आठवली तेव्हां पाणी गुडघ्यांच्या वर आलें होतें. आई जाऊन सात वर्षें झालीं होतीं, पेटी तिनें ठेवली होती तेथेंच होती. कडी धरून ओढली तों गंजलेलें बूड सुटलें, आणि आंतील वस्तु अंधारांत माझ्या पायांभोंवतीं तरंगूं लागल्या.

त्या पेटींत आईचें लग्नांतलें लाल लुगडें होतें. १९६१ सालचें आईवडिलांचें लग्नाचें छायाचित्र होतें व आजीचें एकमेव छायाचित्र होतें. वडील १९७४ पासून पांच वर्षें कुवेतला नोकरीस होते, तेथून त्यांनीं धाडलेलीं पत्रें होतीं. आणि एक लांबट वही होती. आईनें तींत आमच्या सामवेदी बोलींतील लग्नगीतें लिहून ठेविलीं होतीं, मांडवाचीं, न्हाणाचीं, पाठवणीचीं. एकूण बेचाळीस होतीं; अनुक्रमणिका तिनें स्वतः केली होती म्हणून आंकडा माझ्या ध्यानांत राहिला. आईचें शिक्षण चौथीपर्यंत झालें होतें. अक्षर मोठें, ओळ थोडी वर चढत जाणारी.

पाणी ओसरल्यावर माझ्या अज्ञानानें पुराचें उरलेलें काम पुरें केलें. दोन दिवसांनीं उघडीप पडली तेव्हां मीं सगळीं छायाचित्रें एकावर एक चिकटलेलीं तशींच ओट्यावर उन्हांत मांडलीं. वाळल्यावर तीं ओढून सोडविलीं, तेव्हां आजीचा चेहरा निघून दुसऱ्या छायाचित्राच्या पाठीला जाऊन बसला. वास्तविक तीं स्वच्छ थंड पाण्यांत बुडवून पाण्यांतच हलक्या हातानें सुटीं करावयाचीं असतात, आणि चित्राची बाजू वर ठेवून सावलींत वाऱ्यावर वाळवावयाचीं असतात. सवड नसेल तर प्लास्टिकच्या पिशवींत घालून शीतपेटींत गोठवावीं. ओल्या कागदाला दोन दिवसांत बुरशी धरूं लागते, गोठल्यावर ती थांबते. आमच्याकडे वीजच नव्हती ही गोष्ट वेगळी. पण वीज असती तरी मला हें ठाऊक नव्हतें. वडिलांच्या पत्रांपैकीं बॉलपेननें लिहिलेलीं बरीचशीं वाचतां येतात. शाईच्या पेनानें लिहिलेल्या पत्रांचे निळे ढग झाले आहेत. वही अशाच पेनानें लिहिलेली होती.

यानंतर भेटीस येणारीं माणसें आलीं. सर्वांचा हेतु चांगला होता. "जीव वांचला ना, मग झालें," असें बहुतेकांनीं म्हटलें, आणि तें खरेंच होतें. एका गृहस्थांनीं पृथ्वीवर संपत्ति सांठवूं नये या प्रभूच्या शिकवणीची मला आठवण करून दिली. मीं मान डोलावली, पण मन मानीना. संपत्ति म्हणावी अशा ज्या वस्तु घरांत होत्या त्या तर मीं माळ्यावर नेल्याच होत्या! जें गेलें त्याला बाजारांत चार आणेही कोणीं दिले नसते. पुढें शास्त्र उघडून पाहिलें. नोहाला तारवाचें माप मिळालें, ३०० हात लांब, ५० हात रुंद व ३० हात उंच. बरोबर अन्न घ्यावें हेंही सांगितलें. घरांतील बाकीच्या वस्तूंचें काय करावें याविषयीं तेथें शब्द नाहीं. नोहाच्या बायकोनें मागें काय ठेवलें हें कोणीं लिहून ठेवलें नाहीं. मात्र लूकच्या पंधराव्या अध्यायांत १० नाण्यांतील एक हरवलेली बाई आहे. उरलेलीं नऊ पुरेत असें प्रभु तिला म्हणत नाहीं. ती दिवा लावते, घर झाडते, शोधते. त्या बाईवर माझा फार जीव आहे.

मींही शोधूं लागलों. प्रथम आलों तो आपल्या धर्मग्रामाच्या कचेरींत. वडिलांचें सर्वच गेलें असें मी धरून बसलों होतों. फादरांनीं कपाटाच्या वरच्या फळीवरून स्नानसंस्कारांची जुनी नोंदवही काढली आणि १९३४ सालचें पान उघडलें. एका ओळींत वडिलांचें नांव, त्यांच्या मातापित्यांचीं नांवें व धर्ममातापित्यांचीं नांवें होतीं. समासांत दृढीकरणाची नोंद, तिच्याखालीं १९६१ सालच्या विवाहाची नोंद, तारखेसह आणि आईच्या नांवासह. अशा नोंदी ठेवण्याची आज्ञा ट्रेंटच्या धर्मपरिषदेनें १५६३ सालीं केली, हें मागाहून वाचनांत आलें. आजी कशी दिसत होती हें त्या ओळींत नाहीं, पण तिचें माहेरचें नांव त्यांत आहे, आणि तें घरांत कोणासच ठाऊक नव्हतें.

त्याच वाचनांत फ्लॉरेन्स नगरीची हकीकत आली. ४ नोव्हेंबर १९६६ रोजीं आर्नो नदीच्या पुरानें तेथील सांता क्रोचे ख्रिस्तमंदिरांत शिरून चिमाबुये या जुन्या चित्रकाराचा थोर क्रूस बुडविला. त्यावरील अर्ध्याहून अधिक रंग वाहून गेला. ग्रंथालयांतील चिखलांत रुतलेले ग्रंथ काढण्यास देशोदेशींचे तरुण धांवले. त्यांना लोक चिखलांतील देवदूत म्हणूं लागले. क्रूसाची दुरुस्ती दहा वर्षें चालली. कारागिरांनीं गेलेले अवयव अंदाजानें पुन्हां रंगविले नाहींत. जेथें रंग नव्हता तेथें बारीक रेघांचा सौम्य मिश्र रंग भरला, म्हणजे लांबून आकृति अखंड दिसावी व जवळ जातां काय गेलें तें कळावें. प्रभूच्या मुखावरील ती जखम आजही तेथें दिसते.

आईच्या वहीविषयीं माझ्या मनांत तोंवर निराळाच बेत होता. माझी एक मावशी चांगलीं गीतें रचते; तिच्याकडून बेचाळीस पुरीं करून घ्यावीं, कोण ओळखणार आहे, असें वाटत होतें. तो बेत मीं सोडला. नवी वही आणली, आणि ज्या पानांवर अजून शीर्षकें वाचतां येत होतीं त्यांवरून आईचीच अनुक्रमणिका जमेल तशी पुन्हां मांडली. मग मावशी, आत्या, शेजारच्या दोन वृद्ध बायका यांच्या ओट्यावर जाऊन बसलों. एकीला पहिली ओळ आठवे, दुसरीला चौथी, आणि तिसरी म्हणे कीं दोघींचेंही चुकतें. या वादांत फार वेळ गेला व फार चहा झाला. आजपावेतों सतरा गीतें पुरीं झालीं. नऊ अर्धीं आहेत. बाकीच्यांसाठीं पानें कोरीं ठेविलीं आहेत, वर फक्त क्रमांक आहे. शेवटलें पुरें झालेलें गीत ज्या बाईंनीं सांगितलें त्या गेल्या पावसाळ्यांत वारल्या.

लुगडें धुवून ठेवलें आहे. त्याचा रंग फुटून पदरावर गुलाबी डाग पडले आहेत. माझ्या मुलीनें तें आपल्या लग्नांत डागांसह खांद्यावर घेतलें.

न्हाणाच्या गीतांचीं पानें बहुतेक कोरीं आहेत. समोर सत्तरीपुढच्या पुष्कळ भगिनी बसलेल्या दिसतात. भोजनानंतर मी ती वही घेऊन सभागृहाच्या मागच्या दाराशीं बसणार आहें. एकच ओळ आठवत असली तरी यावें. शब्द गेले असून नुसती चाल उरली असेल तरीही यावें. माझ्या पुतणीनें ध्वनिमुद्रणाची सोय केली आहे.