मांजर उगाच चाटत नाही

(आपल्या रेडिओवर झालेलं बोलणं, वाचणाऱ्या मैत्रिणींसाठी)

कुणी चुलीपुढं असाल, कुणी शेळ्यांना पाला टाकत असाल, कुणी आत्ताच रानातून येऊन ओसरीवर टेकला असाल. हातातलं काम चालू ठेवा, कान तेवढा इकडं द्या.

आज मी मांजराविषयी बोलणार आहे. हसलात ना? आमच्या सासूबाईपण हसल्या. म्हणाल्या, “गाई-म्हशीवर बोलावं, शेळीवर बोलावं, मांजरावर कुठं कोण बोलतं?” मी म्हटलं, आत्या, घरातली ज्वारीची पोती वर्षभर कुणाच्या जिवावर शाबूत राहतात? मग गप्प बसल्या. दाणा राखणारं जनावर आहे ते. पण गाय आजारी पडली तर सगळं घर जागं होतं, मांजर आजारी पडलं तर कुणाच्या ध्यानातही येत नाही.

मी बोलणार आहे ते मांजराच्या चाटण्याबद्दल. मांजर दिवसभर अंग चाटतंच, ती त्याची अंघोळ. पण काही मांजरं इतकी चाटतात की पोट, मांड्या, शेपटीचं मूळ उघडं पडतं. आधी केस जातात, मग कातडी लाल होते, मग चिघळते. मांजराची जीभ हाताला लावून बघा, कानशीसारखी खरखरीत लागते. तिच्यावर मागं वळलेले बारीक काटे असतात. त्या काट्यांनी केस विंचरायचे असतात. एकाच जागी शंभरदा जीभ फिरली तर कातडं सोलून निघतं.

आता माझी चूक सांगते. चार वर्षं झाली. आमच्याकडं ठमी नावाची मांजर होती. तिनं पोट चाटून चाटून उघडं केलं होतं. मला वाटलं, अंगात काहीतरी किडा झालाय. गोठ्यात गोचिडावर मारायच्या औषधाची बाटली होती. शेळ्यांना चालतं, मग हिला का नाही? पाण्यात कालवलं, फडकं बुडवलं आणि चांगलं अंगभर पुसून काढलं. दिवेलागणीला ठमीच्या तोंडातून लाळ गळायला लागली. मग अंग थरथरायला लागलं, मग झटके. पहाटे ती गेली. माझ्या हातानं गेली, आणि मी ते तिच्या भल्यासाठीच केलं होतं.

पुढं पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी समजावलं. गोचिडावरच्या पुष्कळ औषधांत जे विष असतं, ते गाईचं, कुत्र्याचं शरीर मोडून बाहेर टाकू शकतं. मांजराच्या शरीराला ते जमत नाही. त्यात मांजर अंगावरचं सगळं चाटून पोटात घेतं. म्हणून पहिली गाठ पदराला बांधा: गोठ्यातलं औषध आणि कुत्र्याचं औषध मांजराला कधीच लावायचं नाही. थोडंसं नाही, पातळ करूनही नाही.

चुकून लावलंच गेलं असेल तर कोमट पाण्यानं आणि भांड्याच्या पातळ साबणानं अंग लगेच धुवा, कोरडं करून फडक्यात गुंडाळा, ऊब द्या आणि औषधाची बाटली सोबत घेऊन दवाखाना गाठा. सकाळपर्यंत थांबू नका.

आता दुसरी गोष्ट. मागच्या वैशाखात माझ्या लेकीचं लग्न झालं. आमची आत्ताची मांजर चांदी, ती लेकीच्या अंथरुणातच झोपायची. लेक सासरी गेली आणि महिन्याभरात चांदीनं कंबर आणि मांड्या चाटून उघड्या केल्या. शेजारणी म्हणाल्या, “पोरीसाठी झुरतंय गं मुकं जनावर.” कुणी म्हणालं, दृष्ट लागली, मीठ-मोहऱ्या उतरून टाक. मलाही ते झुरणंच वाटलं, कारण मीच झुरत होते. तिला मांडीवर घ्यायचे आणि दोघी बसून राहायचो. असे दोन महिने गेले.

शेवटी जखम दिसली तेव्हा दवाखान्यात नेली. डॉक्टरबाईंनी उवांची असते तशी बारीक फणी शेपटीच्या मुळाशी फिरवली. काळी काळी भुकटी निघाली. ती ओल्या पांढऱ्या कापसावर ठेवली. बघता बघता भुकटीच्या भोवती तांबूस डाग पसरला. म्हणाल्या, “ही माती नाही. ही पिसवांची विष्ठा आहे, चांदीचंच पचलेलं रक्त.” मी म्हटलं, पण मला तर एक पिसू दिसली नाही. त्या म्हणाल्या, “दिसणार कशी? चाटता चाटता तीच गिळून टाकते.”

मैत्रिणींनो, मी दोन महिने तिच्या मनाचं दुःख बघत बसले आणि तिला पिसवा खात होत्या. काही मांजरांना पिसवेची लाळच सोसत नाही. दोन-चार चावल्या तरी सगळं अंग पेटतं. 2006 साली एक अभ्यास छापून आला होता. मनाच्या ताणामुळं केस चाटत असावीत अशी शंका असलेली 21 मांजरं नीट तपासली. त्यातल्या 16 जणींच्या शरीरातच कारण सापडलं. तिघींच्यात शरीर आणि मन दोन्ही होतं. नुसतं मनाचं कारण फक्त दोघींचं निघालं.

हे ऐकलं तेव्हा मला आपल्या बायांची आठवण झाली. कंबर दुखते म्हटलं की “कामाचा कंटाळा”, छातीत धडधडतं म्हटलं की “फार विचार करतेस”. रक्त तपासलं तर अंगात रक्तच नसतं. आपल्याला जे सोसावं लागतं, ते मुक्या जनावरावर आपण तरी लादू नये. आधी अंग तपासायचं, मन नंतर.

तर तपासायचं कसं, ते सांगते.

केस उलट्या दिशेनं हातानं चाचपा. खुंट टोचल्यासारखे लागले तर मांजर स्वतः चाटून केस तोडतंय. उलटीत किंवा शेणात केसांचे पुंजके दिसले तरी तेच. पुष्कळ मांजरं माणसांसमोर चाटत नाहीत, माळ्यावर नाहीतर पोत्यांमागं जाऊन चाटतात. म्हणून “मी तर कधी चाटताना बघितलं नाही” यावर जाऊ नका.

मग जागा बघा. कंबर, शेपटीचं मूळ, मांड्यांची मागची बाजू असेल तर पिसवांची शंका धरा. अंगावरून हात फिरवताना बाजरीच्या दाण्यासारख्या बारीक खपल्या लागल्या तरी बहुतेक वेळा पिसवाच. कान खाजवतंय आणि कानात काळी भुकटी आहे, तर कानात किडे असू शकतात. गोल चट्टा पडून केस गेले असतील तर गजकर्ण असू शकतं, आणि ते घरातल्या लेकरांना लागतं. तेव्हा ते मांजर लेकरांच्या अंथरुणात घेऊ नका, हात साबणानं धुवा. एकच सांधा सारखा चाटत असेल तर तिथं दुखत असेल.

ओटीपोट चाटत असेल तर लघवीकडं लक्ष द्या. आणि बोका जर पुन्हा पुन्हा बसून कुंथतोय, ओरडतोय आणि लघवी होत नाही, तर त्याची वाट तुंबलेली असते. त्याच दिवशी दवाखान्यात न्या. एक-दोन दिवसांत जीव जातो.

आता पिसवांचा बंदोबस्त. इथं आपण एक चूक करतो. मांजराला औषध लावतो आणि घर विसरतो. मांजराच्या अंगावर दिसतात त्या थोड्या. अंडी, अळ्या आणि कोष जमिनीच्या भेगांत, वाकळेत, पोत्यांखाली असतात. एक मादी दिवसाला 40-50पर्यंत अंडी घालते आणि ती मांजराच्या अंगावरून घरंगळून सगळीकडं पडतात. उबदार दिवसांत साधारण तीन आठवड्यांत त्यांच्या नव्या पिसवा तयार. म्हणून मांजर जिथं झोपतं त्या वाकळा, पोती गरम पाण्यात धुवा आणि कडक उन्हात वाळवा. कोपरे, भेगा, पोत्यांखालची जागा रोज झाडा आणि केर उकिरड्यावर न टाकता जाळा नाहीतर खोल पुरा. कुत्रा, शेळ्या, वासरं यांच्याही अंगावर याच पिसवा राहतात. त्यांचा इलाज सोबतच करा, पण ज्याचं औषध त्यालाच.

मांजरासाठी मानेच्या मागं कातडीवर सोडायचे थेंब मिळतात. तिथं त्याची जीभ पोचत नाही. पण थेंब मांजराचेच हवेत, आणि वय-वजन डॉक्टरांना सांगूनच घ्यायचे. महिन्याच्या महिन्याला निदान तीन महिने तरी चालू ठेवावं लागतं, कारण कोषातल्या पिसवा मागाहून निघत राहतात. एकदा लावलं, दोन दिवस बरं वाटलं आणि सोडून दिलं, असं केलं की पैसा वाया. जंताचं औषधही विचारून घ्या. पिसू गिळली की पोटात पट्टकृमी होतात. शेपटीखाली काकडीच्या बीसारखे तुकडे चिकटलेले दिसले तर ओळखा.

जखमेचं काय करायचं? उकळून कोमट केलेलं एक पेलाभर पाणी घ्या, त्यात सपाट अर्धा चमचा मीठ विरघळवा. स्वच्छ सुती फडक्यानं जखम हलकेच पुसा, कोरडी करा. एवढंच. हळद-तेल, कडुलिंबाचं तेल, निलगिरी, आपली मलमं काही लावू नका. जे लावाल ते ती चाटणार, आणि चाटण्याला आणखी एक कारण मिळणार. फिनेल आणि पाण्यात टाकल्यावर पांढरी होणारी जंतुनाशकं मांजराला विषारी असतात. आणि दुखतंय म्हणून आपली तापाची पॅरासिटामॉलची गोळी तर बिलकुल नाही. एका गोळीनंही मांजर मरू शकतं.

जखम भरायला जिभेला आडवं काहीतरी हवं. आम्ही जुनी एक्स-रेची फिल्म गोल कापून चांदीच्या गळ्यात सुपासारखी बसवली. कडेला सुती पट्टी शिवली, म्हणजे मान कापत नाही. गळा आणि फिल्म यांच्यामध्ये दोन बोटं जायला पाहिजेत. खाताना-पिताना आपण जवळ बसायचं, अडलं तर तेवढ्यापुरती काढायची. पहिल्या दिवशी ती उलट्या पावलांनी घरभर फिरली, सासूबाईंची हसून पुरेवाट झाली. पोटावर जखम असेल तर लेकराचं जुनं झबलंही चालतं, फक्त शेपटीकडची बाजू मोकळी ठेवा. पण एक ध्यानात ठेवा, झबल्यानं चाटणं थांबतं, खाज थांबत नाही. कारण शोधलं नाही तर झबलं काढलं की पुन्हा तेच.

जखमेतून पू येतोय, वास येतोय, मांजरानं दिवसभर काही खाल्लं नाही, चट्टा रोज वाढतोय, तर घरी थांबू नका. गावापासून दवाखाना लांब असेल तर 1962 हा जनावरांच्या वैद्यकीय मदतीचा क्रमांक आहे, तिथं विचारा. दुखणारं मांजर चावतं, ओरबाडतं. धरताना जाड टॉवेलात गुंडाळा. चावलंच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन रेबीजची लस विचारा. घरचंच मांजर आहे म्हणून टाळू नका.

एवढं सगळं तपासूनही कारण सापडलं नाही, तर मग मनाकडं वळायचं. मांजराला बदल सोसत नाही. घराचं बांधकाम, नवा कुत्रा, पिल्लं देऊन टाकणं, दारात रोज येणारा परका बोका, याचा ताण त्याला येतो. त्याला उंचावर एक शांत जागा द्या, जिथं कुणी हात लावणार नाही. खाण्याची वेळ आणि जागा तीच ठेवा. चाटताना दिसलं तर ओरडू नका, मारू नका, ताण वाढतो. दोरीला चिंधी बांधून तिकडं लक्ष वळवा. खाण्यात नुसत्या दूधभाकरीवर भागवू नका, अंडं, मासळी, मटणाचा तुकडा त्याच्या अंगाला लागतो.

चांदीचं सांगते. दोन महिन्यांनी मांड्यांवर मऊ लव आली, दिवाळीपर्यंत केस भरले. लेक दिवाळीला आली तेव्हा चांदी तिच्या पायांत घुटमळली. झुरत नव्हती असं मी म्हणत नाही. आठवण असेलही. पण आठवणीनं कातडं फाटलं नव्हतं.

या आठवड्याच्या बैठकीत एक करा. गटात मिळून एक बारीक फणी घ्या, फक्त मांजरांसाठी, लेकरांच्या डोक्याला नाही. आळीपाळीनं घरी न्या आणि प्रत्येक घरातून परत येताना ती उकळत्या पाण्यातून काढा. ओल्या पांढऱ्या कापसावर काय उमटतं ते एकमेकींना सांगा. आणि गोठ्यातल्या औषधाची बाटली बघून कुणी म्हणाली, “हेच लावू का गं मांजराला?” तर माझ्या ठमीची गोष्ट तिला सांगा.

येते मैत्रिणींनो. नमस्कार.